ढोल्या परत पाठवण्याबाबत

तीर्थरूप मामांस,

हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले असल्यामुळे साष्टांग नमस्कार दुरूनच करतो. (कागदाच्या वरच्या कोपऱ्यात उमटलेला अंगठा नमस्काराचाच भाग समजावा.) तुमच्या नव्या खुब्याची चाल कशी आहे? मामी फोनवर म्हणाल्या की तुम्ही आता काठी टेकत फाटकापर्यंत जाऊन येता. हेही म्हणाल्या, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना 'जुना सांधा ठोकून काढणार की दाबून?' असं विचारलंत आणि त्यांची हत्यारं बघायला मागितलीत. डॉक्टरांनी ती दाखवली नाहीत हे त्यांचं चुकलंच. खुबा म्हणजे तरी काय, वाटीत बसवलेला बॉल जॉइंटच की, आणि त्यातलं तुमच्याइतकं त्या इस्पितळात कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, ही, आणि अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी असलेली एक पिकअप, जिचा पुढचा डावा पाय मी नऊ दिवसांपूर्वी सोडवला आणि तो अजून मला परत लावता आलेला नाही.

पत्र लिहिण्याचं तसं काही कारण नाही. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. (हे आधीच सांगितलेलं बरं, कारण भाच्याचं पत्र आलं की काहीतरी मागणं असणार, असं तुम्ही चष्मा शोधायच्या आत म्हणता.) पण सात महिने आपण बोललो नाही, ते काही बरं दिसत नाही. तुम्ही गॅरेज माझ्या हवाली करून निघालात त्या दिवशी शब्दाने शब्द वाढला, हे मला मान्य आहे. मी म्हणालो की घणाचा जमाना गेला, आता हत्यारं पेटीत येतात, आणि तुमचा ढोल्या भंगारात घालायच्या लायकीचा आहे. (ही माझी पत्रं टपालात टाकण्याआधी वाचते आणि तिला ढोल्या हा कुणीतरी माणूस वाटतो, म्हणून खुलासा करतो: ढोल्या म्हणजे मामांनी एका जुन्या ॲक्सलपासून स्वतः लेथवर कातून केलेलं वीतभर जाड नळकांडं. मोठ्या गाडीचा सांधा वरून दाबला की खाली तो ज्याच्या पोटात पडतो, तो ढोल्या.)  त्यावर तुम्ही खिडकीजवळ गेलात, फडक्यात काहीतरी जड गुंडाळलंत, पिशवीत टाकलंत आणि निघून गेलात. त्या दिवसापासून ढोल्या दिसत नाही आणि मापाचा कॅलिपरही दिसत नाही. मी कुणावर आळ घेत नाही. मी फक्त कशानंतर काय झालं ते लिहितो आहे.

आता त्या पिकअपबद्दल. बेकरीवाल्या बाई तुम्हाला आठवत असतील. पिकअपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर लोखंडी भट्टी, आणि वस्त्यावस्त्यांतून हिंडून जागेवर पाव भाजून विकायचे. एवढं धूड ओढून ओढून पुढच्या चाकांचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, झिजले नसते तरच नवल. चाकाखाली पहार घालून उचलून पाहिलं तर चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं. मी म्हणालो, दोन दिवसांत देतो. (गिऱ्हाइकाला सांगायची वेळ मनातल्या वेळेच्या दुप्पट असावी, हे तुम्ही मला शेकडो वेळा शिकवलंत. मी निम्मी सांगितली, कारण बाईंच्या हातात गरम पावांचं ताट होतं आणि मी उपाशी होतो.) चाक काढलं, ब्रेक उतरवला, हब उतरवला, आणि तुमच्याच शिकवणीप्रमाणे आधी खालच्या सांध्याला हात घातला. खालच्या सांध्याने मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

म्हणून मी हत्यारांच्या दुकानात गेलो. हमरस्त्यावरचं, काचेच्या दारांचं दुकान. तिथला सेल्समन भला माणूस आहे, पण त्याची नखं इतकी स्वच्छ की मला माझे हात खिशात घालावेसे वाटले. त्याने आधी काटा दाखवला, सांध्यात घुसवून वरून ठोकायचा तो. त्याने रबर फाटतं, टाकून द्यायच्या सांध्यालाच काटा लावावा, हे मला माहीत होतं आणि ते मी त्याला ऐटीत सांगितलंही. तिथेच थांबलो असतो तर आज सुखी असतो. पण मग त्याने पेटी उघडली. मामा, काय सांगू तुम्हाला! लाल अस्तर, मधोमध सी अक्षरासारखी वळलेली चौकट, तिच्यात फिरणारा जाडजूड स्क्रू, आणि भोवती लहानमोठ्या पोलादी वाट्या, प्रत्येक आपापल्या खळग्यात शहाण्या मुलासारखी बसलेली. एकूण सदतीस नग. शेजारी एक दहा नगांची पेटी होती, काळी, जड आणि दिसायला गरीब. सेल्समन म्हणाला, ती फक्त मोठ्या गाड्यांना चालते, आणि ही सगळ्या गाड्यांना. आता तुम्हीच सांगा, दहा मोठे की सदतीस? जे सगळ्यांना बसतं ते कुणालाच धड बसत नाही, हे तुमचं वाक्य मला त्याच क्षणी आठवलं होतं. पण तेव्हा मी तुमच्यावर रागावलेला असल्यामुळे ते मनावर घेतलं नाही.

घरी येऊन चौकट ॲक्सलला लावायला गेलो तर ती अर्ध्यावरच अडली. पहिलवानाच्या डोक्यावर बाळाची टोपी, तशी गत. मी वरून लावली, खालून लावली, उलटी लावली. त्या सगळ्या वाट्यांपैकी एकही त्या सांध्याच्या आसपास फिरकली नाही. हिने त्यातल्या अकरा उचलून स्वयंपाकघरात नेल्या, बिस्किटं कापायला. सांगायला आनंद वाटतो की तिथे त्या अगदी नेमक्या चालतात.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. सोबत मळलेल्या पिठाचे चार मोठे डबे. त्यांना वाटलं होतं की गाडी तयार असेल. पीठ फुगायला लागलेलं, आणि फुगणारं पीठ कुणासाठी थांबत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठोकळ्यांवरच्या गाडीकडे बघितलं, आणि अंगणातच भट्टी पेटवली. मला इतकी शरम वाटली की मी सरळ तुमचा मोठा घण काढला. (हो, तोच, ज्याचा जमाना गेला.) चाळीस घाव घातले. सांधा केसभरही हलला नाही, पण प्रत्येक घावासरशी भट्टीतले पाव खाली बसत गेले. पहिल्या खेपेचे साठ पाव चपलेसारखे निघाले. बाईंनी त्यातला एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुमचा." तेव्हापासून भट्टी पेटलेली असताना घणाला बंदी आहे, आणि भट्टी सकाळी पेटते ती संध्याकाळीच विझते.

मग मी ठरवलं की आता शास्त्रशुद्ध वागायचं. सांध्याचं माप घ्यायचं, त्या मापाची वाटी आणायची. पण मापाचा कॅलिपर कुठे आहे? (मी आळ घेत नाही.) तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली त्या क्षणी मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली, हे कबूल करतो. बाईंच्या डब्यातला पिठाचा एक गोळा घेतला, सांध्यावर खालून दाबला, अलगद काढला. काय सुरेख ठसा! कडासुद्धा उमटल्या, गंजासकट. तो गोळा हिच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि डबा मांडीवर घेऊन बसने निघालो. वाटेत दीड तास वाहतूक खोळंबली होती. ऊन मी म्हणत होतं. डबा कोमट झाला होता आणि मला त्या उबेने झोप लागली. आता, मामा, तुम्ही हसायला लागला असाल, कारण पावाच्या पिठाचा धर्म तुम्हाला माहीत आहे. मला तो त्या वेळी सुचला नाही. मी लोखंडाचा माणूस. लोखंडावर घेतलेलं माप संध्याकाळपर्यंत तेच राहतं.

दुकानात झाकण उघडलं तेव्हा गोळा डब्याच्या काठाला आला होता आणि भोक चहूबाजूंनी आत सरकलं होतं. मला वाटलं, सांधा माझ्या आठवणीपेक्षा लहानच होता म्हणायचा. सेल्समनने एकेक वाटी अत्यंत आदराने त्या पिठावर ठेवून बघितली. (त्याच्या स्वच्छ नखांत पीठ गेलं. मला जरा बरं वाटलं.) या वेळी मी ती काळी, गरीब, दहा नगांची पेटी घेतली आणि पिठावर सुतभर सैल बसणारी वाटी निवडली. चौकट मात्र जातिवंत निघाली, हे मला मोठ्या अभिमानाने सांगायचं आहे. घडीव पोलाद, ॲक्सलला बिलगून बसली. स्क्रूला ग्रीस लावलं, खाली वाटी धरली, स्क्रू फिरवायला हवेची गन लावली. सांधा हलला! मी ओरडलो, ही धावत आली, बाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. सुतभर उतरून सांधा वाटीच्या काठावर टेकला, कारण वाटी त्याच्याहून लहान होती, आणि मी आनंदाच्या भरात गन तशीच चालू ठेवली. वाटी फुटली. आवाज असा झाला की गिऱ्हाइकांची रांग जमिनीवर बसली. एक तुकडा छपरावर गेला, एक पिठाच्या परातीत. बाईंनी तो चिमटीने काढून मला परत केला. सांधा आता ना वर जातो ना खाली.

रांग कुठली, असं तुम्ही विचाराल. मामा, तुमच्या गॅरेजात आता बेकरी चालते. पाव गिऱ्हाइकांकडे जाऊ शकत नाहीत म्हटल्यावर गिऱ्हाइकं पावांकडे येऊ लागली. सकाळी सातपासून फाटकाबाहेर माणसं. परवा एक ट्रकवाला क्लच दाखवायला आला, पाच पाव घेऊन गेला, आणि क्लच दाखवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. टायरच्या रॅकवर ट्रे आहेत. ही सकाळपासून बाईंच्या शेजारी उभी राहून पीठ मळते आणि म्हणते की या अंगणात निदान काहीतरी वर येतंय. मला फक्त ट्रे पुसायचं काम देतात, तेही हातमोजे घालून.

पण खरं सांगायचं तर मला हसू येत नाही. योग्य मापाची वाटी दुकानात यायला तीन आठवडे लागणार. आपला लेथवाला हात गळ्यात बांधून घरी बसला आहे. बाई चांगल्या आहेत, पण त्यांची वस्त्यांवरची गिऱ्हाइकं तुटायला लागली आहेत, आणि परवा त्यांनी क्रेनवाल्याला सांगून ठेवलं. शनिवारी दुपारी बारापर्यंत गाडी चाकांवर उभी राहिली नाही, तर क्रेन ती उचलून हमरस्त्यावरच्या नव्या, काचेच्या गॅरेजात नेणार. मागच्या भिंतीवर तुमच्या हातची ओळ आहे: 'इथे आलेली गाडी आपल्या चाकांवर जाते.' चौतीस वर्षं ती खरी राहिली. निघताना तुम्ही म्हणाला होतात, ज्या दिवशी एखादी गाडी दोरीला बांधून जाईल त्या दिवशी ही ओळ पुसून टाक. क्रेनला दोरी नसते, साखळी असते, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी मला लाज वाटली. ती ओळ माझ्या हाताने पुसायची पाळी आली तर मी ते कसं करणार, मला ठाऊक नाही.

असो. थंडी वाजली तर खुब्याला शेक द्यावा. मामींना नमस्कार. रागातला उरलेला भाग परतीच्या टपालाने पाठवावा, आशीर्वाद उरले असतील तर ते त्याच्याही आधी.

तुमचाच,
भाचा

ता. क. ढोल्या पाठवा. मामा, पाया पडतो. चौकट माझ्याकडे आहे, फक्त खाली धरायला त्या मापाचं काही नाही, आणि त्या मापाची या जगात एकच वस्तू आहे. मी त्याला भंगार म्हणालो ते शब्द मागे घेतो. हवं तर त्याच्यापुढे उभा राहून मागे घेईन. बाईंचा भाऊ उद्या सकाळी स्कूटरवरून तुमच्या बाजूला येणार आहे, हे पत्र त्याच्याच हाती देतो. कॅलिपरही द्यावा. राग मात्र ठेवून घेतलात तरी चालेल.

ता. क. दुसरा (शुक्रवार सकाळ). बाईंच्या भावाची स्कूटर सुरू होईना, म्हणून पत्र अजून इथेच आहे. (स्कूटर दुरुस्तीला आपल्याकडेच आली आहे.) तेवढ्यात पावांच्या ट्रेला जागा हवी म्हणून हिने ऑफिसातलं टेबल ओढलं. टेबल धाडकन एका बाजूला कलंडलं आणि त्याच्या पायाखालून एक जाड नळकांडं गडगडत येऊन माझ्या बुटाला लागलं. मामा, तो ढोल्या होता. तुम्ही गेलात त्याच दिवशी मीच, रागाच्या भरात, आता याची लायकी एवढीच असं म्हणून त्याला डुगडुगत्या टेबलाच्या तुटक्या पायाखाली सरकवलं होतं. आता सगळं आठवतंय. वरचं अख्खं पत्र मी त्याच टेबलावर लिहिलं, त्याच ढोल्यावर पाय टेकवून, तुम्हाला नावं ठेवत. टेबल तिरकं झाल्यामुळे सात महिने अडकलेला खणही आपोआप उघडला. कॅलिपर आत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ही तीन वेळा म्हणाली. मी वरचा आळ खोडायला घेतला तर हिने पेन काढून घेतलं. म्हणते, मामांना कळू दे तुम्ही कसे आहात ते.

ता. क. तिसरा (शुक्रवार दुपार). मग तुम्ही फडक्यात नेलंत तरी काय? मला राहवेना म्हणून मामींना फोन केला. तुम्ही डुलकी घेत होता. त्यांनी तुमच्या उशाशी औषधांशेजारी असलेलं फडकं उघडलं आणि मला वाचून दाखवलं: एक झिजलेला बॉल जॉइंट, त्याला तारेने बांधलेला पत्रा, त्यावर खिळ्याने कोरलेलं, 'भाच्याने काढलेला पहिला. अख्खा दिवस लागला, पण सोडलं नाही.' मामी म्हणतात, व्यायाम करताना तुम्ही तो हातात धरता, आणि डॉक्टरांना दाखवून सांगितलंत की जुना सांधा असा दिसतो. मी फोन ठेवला आणि बराच वेळ ठोकळ्यांवरच्या गाडीखाली जाऊन पडलो. हिला वाटलं, काम करतोय. मी चुकलो, मामा. ढोल्याबद्दलच नाही, सगळ्याबद्दल.

ता. क. चौथा (शनिवार, अकरा वाजता). निघाला. ढोल्याची तुम्ही छिन्नीने खूण केलेली कड वर धरली, माझी चौकट लावली, गन बाजूला ठेवून हाताने पाना फिरवला. पाव वळसा, अर्धा वळसा, आणि सांधा ढोल्याच्या पोटात टुक्कन पडला. भट्टीत पाव होते, एकही बसला नाही. वरचाही काढला, दोन्ही नवे बसवले, चाक लावलं. क्रेनवाला वेळेआधीच आला होता. तो आठ पाव घेऊन परत गेला. ओळ भिंतीवर आहे.

बाई गाडीची चाचणी म्हणून भट्टी इथेच सोडून तुमच्याकडे येत आहेत, आणि हे पत्र त्याच देतील. त्यांच्या शेजारची सीट रिकामी आहे. चढायला लाकडी खोकं ठेवलंय, मामींना आणि डॉक्टरांना मी विचारलं आहे. उजवीकडचे दोन सांधे अजून जुनेच आहेत. (पहार लावून पाहिलं, जाण्यायेण्यापुरते ते धड आहेत.) ते मी मुद्दामच ठेवलेत. तेव्हा काठी घ्या, गाडीत बसा, आणि डावीकडून काही आवाज येतो का ते नीट कान देऊन ऐका. येत असेल तर तसेच इकडे या. येत नसेल, तर मग याच.